बेट कोणाचं हे न ठरवता समुद्र वाटून घेता येतो का? सेनकाकू-दियाओयू वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्व चीन समुद्रातल्या या बेटांची बातमी मराठीत येते ती बहुतेक वेळा जपान आणि चीनच्या गस्ती नौका समोरासमोर आल्या की. त्याच समुद्रात मासळीचे, वायूचे आणि परवान्यांचे करारही होत आले आहेत. काही मोडले, काही आजही चालू आहेत. बेटांच्या वादातून वाट काढायची तर हे करार समजून घ्यायला हवेत, म्हणून हे पान.

वाद नेमका कोणत्या बेटांचा आहे?

तैवानच्या ईशान्येला पाच छोटी बेटं आणि तीन खडक आहेत. जपान त्यांना सेनकाकू म्हणतो, चीन दियाओयू आणि तैवान दियाओयुताई. सगळी मिळून जमीन पाच-सात चौरस किलोमीटर. जपानचं इशिगाकी बेट आणि तैवान दोन्हीही तिथून साधारण 170 किलोमीटरवर आहेत, चीनचा किनारा 330 किलोमीटरवर. आज तिथे कोणी राहत नाही. मात्र 1890 च्या दशकाच्या अखेरीपासून 1940 च्या सुमारापर्यंत एका जपानी उद्योजकाच्या कुटुंबाचा तिथे बोनिटो मासा सुकवण्याचा कारखाना होता, आणि भरभराटीच्या काळात दोनशेवर माणसं तिथे राहत होती.

एवढ्याशा ओसाड जमिनीसाठी तीन सरकारं का भांडतात?

जमिनीसाठी फारसं कोणी भांडत नाही. बेट ज्याचं, त्याला भोवतालचा 12 सागरी मैलांचा प्रादेशिक समुद्र मिळतो. ते बेट माणसांच्या वस्तीला किंवा स्वतंत्र आर्थिक जीवनाला आधार देऊ शकतं असं मानलं गेलं, तर 200 सागरी मैलांपर्यंतच्या मासळीवर आणि तळाखालच्या खनिजांवरही हक्क सांगता येतो. नुसत्या खडकाला हा मोठा हक्क मिळत नाही. त्यामुळे बेट कोणाचं या भांडणाच्या पोटात ‘हे बेट की खडक’ हे दुसरं भांडण असतंच.

इथे 1968 हे साल महत्त्वाचं. त्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आशियाविषयक आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने या समुद्राची पाहणी झाली, आणि तळाखाली तेलाचा मोठा साठा असण्याची शक्यता पुढच्या वर्षीच्या अहवालात नोंदवली गेली. तैवान आणि चीन यांनी 1970-71 मध्ये उघडपणे दावे मांडले.

दोन्ही बाजूंचं म्हणणं काय आहे?

जपानचं म्हणणं असं: बेटं कोणाच्याच ताब्यात नव्हती, आम्ही पाहणी करून जानेवारी 1895 मध्ये मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती आमच्यात सामील केली, आणि पुढची पंचाहत्तर वर्षं कोणी हरकत घेतली नाही. चीनचं म्हणणं असं: मिंग काळापासून आमच्या दर्यावर्दींना ही बेटं माहीत होती, आणि 1894-95 च्या युद्धात आम्हाला हरवून जपानने तैवानबरोबर तीही बळकावली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धानंतर ती परत यायला हवी होती. तैवानचा युक्तिवाद चीनच्या जवळ जाणारा आहे. 1945 पासून ओकिनावाबरोबर बेटांचाही कारभार अमेरिकेकडे होता. 1972 मध्ये तो जपानला परत मिळाला. आज ताबा जपानकडे आहे.

या पानापुरतं एवढं पुरे. कोणाचा पुरावा भक्कम याचा निवाडा मी करत नाही, कारण पुराव्याच्या जोरावर हा वाद मिटेल अशी चिन्हं गेल्या पन्नास वर्षांत दिसलेली नाहीत.

आर्थिक सहकार्याने वाद सोडवायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

मालकीचा प्रश्न बाजूला ठेवायचा आणि वापराचे नियम ठरवायचे. गावाकडे दोन भावांची सामाईक विहीर असते. वाटणीचा दावा कोर्टात पडून असतो, पण पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, आणि पाळी मोडत नाही तोवर दोघांचीही पिकं उभी राहतात. समुद्रातही तेच. कोणाच्या किती होड्या कुठे जातील, कोणत्या महिन्यात जातील, नियम मोडणाऱ्याला कोण पकडेल, वायू निघालाच तर खर्च आणि उत्पन्न कसं वाटायचं, हे लिहून काढायचं.

याला कायद्याचा आधार आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 1982 च्या सागरी कायदा कराराचं 74 वं कलम सांगतं की सीमा ठरेपर्यंत संबंधित देशांनी व्यवहार्य स्वरूपाच्या तात्पुरत्या व्यवस्थेसाठी शक्य ते सगळे प्रयत्न करावेत, आणि अशा व्यवस्थेमुळे अंतिम सीमेबाबत कोणाच्याही हक्काला बाध येणार नाही. भूखंडमंचासाठी, म्हणजे किनाऱ्यालगतच्या समुद्रबूड जमिनीसाठी, 83 व्या कलमात हीच तरतूद आहे.

म्हणजे सहकार्य केलं की आपला हक्क सोडला असं होत नाही?

होत नाही, करारात तसं स्पष्ट लिहिलं असेल तर. ‘या करारातल्या कशाचाही अर्थ कोणाचा दावा मान्य किंवा अमान्य केला असा होणार नाही,’ अशा आशयाचं एक वाक्य बहुतेक सगळ्या टिकाऊ करारांत सापडतं. ते नसेल तर मायदेशी विरोधी पक्ष आणि वर्तमानपत्रं करार फाडून टाकतात, आणि त्यांना दोष तरी कसा द्यायचा?

हे प्रत्यक्षात कुठे जमलंय?

माझ्या मते सर्वात शिकण्यासारखं उदाहरण थायलंडच्या आखातातलं आहे. लोसिन नावाचा एक खडक, पाण्यावर जेमतेम दीड मीटर, त्यावर एक दीपस्तंभ. खडक थायलंडचाच, त्याबद्दल वाद नव्हता. वाद होता तो त्याच्या वजनाचा. थायलंड त्या खडकापासून समुद्रसीमा मोजत होता आणि मलेशिया म्हणत होता की एवढ्याशा दगडाला सीमारेषेत किंमत देता येणार नाही. दोन्ही रेषांच्या मधे 7,250 चौरस किलोमीटरचा पट्टा अडकला आणि त्याच पट्ट्यात वायू होता.

फेब्रुवारी 1979 मध्ये दोन्ही देशांनी चिआंग माई इथे समझोता केला. सीमेचा प्रश्न पन्नास वर्षं बाजूला ठेवायचा आणि पट्ट्यातलं जे निघेल ते खर्चासकट निम्मं-निम्मं वाटायचं. मासेमारी आणि नौकानयनावरचे दोघांचेही अधिकार तसेच राहिले. फौजदारी गुन्ह्यांसाठी पट्ट्यात एक वेगळी रेषा आखली, म्हणजे चोरी-मारामारी झाली तर कोणाचे पोलिस येतील हे आधीच ठरलेलं. संयुक्त प्राधिकरणाचा करार व्हायला 1990 उजाडलं आणि पहिला वायू 2005 मध्ये निघाला. समझोत्यापासून 26 वर्षं! मधल्या काळात दोन्हीकडची सरकारं कितीदा बदलली, थायलंडमध्ये लष्करी उठावही झाले, पण करार राहिला.

मात्र वायूची नळवाहिनी थायलंडमध्ये सोंगख्ला प्रांतातल्या चाना इथे आणायचं ठरलं, तेव्हा तिथल्या मासेमार गावांनी कडवा विरोध केला आणि 2002 च्या डिसेंबरात हात याई शहरात पोलिसांशी झटापट झाली. दोन राजधान्यांचं जमलं तरी किनाऱ्यावरच्या माणसाला विचारलेलं असतंच असं नाही.

याहून जुनं उदाहरण बहरीन आणि सौदी अरेबियाचं. 1958 मध्ये लुबैना नावाची दोन छोटी बेटं त्यांनी एकेक वाटून घेतली. अबू सफाह हे तेलक्षेत्र सौदीच्या हद्दीत राहिलं, पण त्याचं निम्मं निव्वळ उत्पन्न बहरीनला द्यायचं ठरलं. आजही बहरीनच्या तिजोरीला त्याचा मोठा आधार आहे.

आणि कुठे फसलं?

अबू मुसा. शारजा आणि इराण यांनी नोव्हेंबर 1971 मध्ये या बेटाबद्दल समझोता केला: कोणीही आपला दावा सोडायचा नाही, बेटाच्या एका भागात इराणी सैनिक राहतील, दुसऱ्या भागात शारजाचा कारभार चालेल आणि जवळच्या समुद्रातल्या तेलाचं उत्पन्न दोघांत निम्मं वाटायचं. कागदावर हे लोसिनसारखंच दिसतं. पण शारजाच्या डोक्यावर त्या वेळी बंदूक होती. ब्रिटिश आखातातून निघून चालले होते आणि त्याच दिवसांत इराणने शेजारची दोन तुंब बेटं बळाने घेतली. समझोता राजीखुशीचा नव्हता. तेलाचं उत्पन्न वाटलं जात राहिलं, तरी 1992 मध्ये बेटावर कोणी यायचं यावरून भांडण उफाळलं आणि संयुक्त अरब अमिरातींचा इराणशी हा वाद अजून चालू आहे. शारजा-दुबईत राहणाऱ्या मराठी वाचकांनी तिथल्या बातम्यांत हे नाव नक्की ऐकलं असेल.

मग सेनकाकूच्या बाबतीत कोणी प्रयत्नच केला नाही का?

केला, आणि बऱ्याच वर्षांपासून. ऑक्टोबर 1978 मध्ये चीनचे तेव्हाचे नेते तंग श्याओफिंग टोकियोत होते. पत्रकार परिषदेत बेटांचा प्रश्न आला तेव्हा त्यांनी, आपली पिढी याबाबत पुरेशी शहाणी नाही, पुढची पिढी अधिक शहाणी असेल, अशा आशयाचं उत्तर देऊन विषय पुढे ढकलला.

1997 मध्ये दोन्ही देशांनी मासेमारी करार केला आणि तो 2000 मध्ये लागू झाला. समुद्राच्या मधल्या भागात दोघांच्या होड्यांसाठी सामाईक पट्टा केला गेला. 27 अंश अक्षांशाच्या दक्षिणेला, म्हणजे सेनकाकू ज्या पाण्यात आहेत तिथे, नवीन नियम न लावता जुनीच स्थिती ठेवली आणि एकमेकांच्या मासेमारांवर आपापले मासेमारी कायदे लावायचे नाहीत असं ठरलं. बेटांच्या लगतचा 12 मैलांचा पट्टा यात येत नाही. हा करार फारसा कोणाला ठाऊक नाही. कदाचित म्हणूनच तो टिकला असावा.

मग 18 जून 2008 ला वायूबद्दल समझोता जाहीर झाला. सेनकाकूच्या बऱ्याच उत्तरेला, मध्यरेषेच्या, म्हणजे दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावरच्या रेषेच्या, दोन्ही बाजूंना मिळून सुमारे 2,700 चौरस किलोमीटरचा पट्टा संयुक्त विकासासाठी निवडला. शिवाय चीन ज्या चुनश्याओ वायुक्षेत्रात आधीपासून काम करत होता, तिथे चिनी कायद्याखाली जपानी कंपन्यांना गुंतवणूक करू द्यायचं ठरलं.

2008 चा समझोता का अडला?

तो समझोता होता, तह नव्हता. तो अमलात आणण्यासाठी वेगळा तह लागणार होता आणि त्याची बोलणी सुरू व्हायलाच दोन वर्षं लागली. पहिली फेरी जुलै 2010 मध्ये झाली. सप्टेंबरात सेनकाकूजवळ एक चिनी ट्रॉलर जपानी तटरक्षक दलाच्या नौकांवर आदळला, जपानने कप्तानाला अटक केली आणि चीनने बोलणी थांबवली. ती पुन्हा रुळावर आलेली नाहीत. चीनने मध्यरेषेच्या आपल्या बाजूला वायूचे मनोरे उभारणं चालूच ठेवलं आहे आणि जपान दर वेळी निषेध नोंदवतो.

मला यातली खरी चूक क्रमाची वाटते. एका ट्रॉलरच्या धडकेने अब्जावधींचा वायूचा बेत कोसळला, कारण धडक झाली तर काय करायचं याची ठरलेली वाट नव्हती. लोसिनच्या करारात फौजदारी हद्दीची रेषा आखली गेली होती. इथे मात्र बोलणी वायूची चालली होती आणि ज्या पाण्यात होड्या रोज आमनेसामने येतात ते पाणी बोलण्यांच्या बाहेर राहिलं होतं.

जपान-चीनचा व्यापार प्रचंड आहे. तो भांडण का थांबवत नाही?

दोघांचा वर्षाचा व्यापार 300 अब्ज डॉलरच्या आसपास असतो. तरी 2010 मध्ये चीनमधून जपानला जाणारी दुर्मिळ खनिजं अडली. सप्टेंबर 2012 मध्ये जपान सरकारने यांतली तीन बेटं खासगी मालकाकडून 205 कोटी येनला विकत घेतली, तेव्हा चीनच्या अनेक शहरांत निदर्शनं झाली, जपानी दुकानं फोडली गेली आणि जपानी गाड्यांची विक्री घसरली. जानेवारी 2022 पासून दोन्ही देश आरसेप या मोठ्या व्यापार करारात एकत्र आहेत. जपान आणि चीन यांच्यातला तो पहिलाच व्यापार करार. बेटांभोवतीच्या गस्तीत त्याने काही फरक पडलेला नाही.

व्यापार भडका मर्यादेत ठेवायला मदत करतो, हे मला मान्य आहे. पण गाड्या आणि सुटे भाग विकणाऱ्यांचा बेटाजवळच्या पाण्याशी संबंध येत नाही. त्यांचा फायदा वाढला म्हणून तिथल्या मासेमाराला कुठे जाळं टाकायचं ते कळत नाही. ‘प्रादेशिक आर्थिक सहकार्य’ या भारदस्त शब्दांखाली या दोन गोष्टी एकत्र केल्या जातात. त्याने फार गोंधळ होतो.

तैवानने काय केलं?

सगळ्यात जास्त तैवाननेच मिळवलं, तेही जपानशी राजनैतिक संबंध नसताना. सप्टेंबर 2012 मध्ये तैवानच्या कित्येक मासेमारी होड्या तटरक्षक नौकांसह बेटांजवळ गेल्या आणि दोन्ही बाजूंच्या नौकांनी एकमेकांवर पाण्याचे फवारे मारले. त्याच्या आदल्या महिन्यात राष्ट्राध्यक्ष मा यिंग-ज्यू यांनी पूर्व चीन समुद्रासाठी शांतता प्रस्ताव मांडला होता: वाद बाजूला ठेवा, साधनसंपत्ती वाटून घ्या. 10 एप्रिल 2013 ला मासेमारी करार झाला. सरकारं सही करू शकत नव्हती, म्हणून दोन्हीकडच्या संपर्क संस्थांनी केली. 1996 पासून ही बोलणी अधूनमधून चालू होती.

27 अंश अक्षांश आणि जपानची याएयामा बेटं यांच्या मधल्या मोठ्या पाण्यात तैवानी होड्यांना मोकळीक मिळाली. बेटांभोवतीचे 12 मैल करारातून वगळले. एप्रिल ते जुलै हा तिथला ब्ल्यूफिन ट्यूनाचा हंगाम, आणि करार झाला तो हंगामाच्या तोंडावर.

पण या कराराची किंमत ओकिनावाच्या मासेमारांनी मोजली. आम्हाला न विचारता टोकियोने आमचं पाणी देऊन टाकलं, ही त्यांची तक्रार होती आणि ती खरी होती. दोन्हीकडचे मासेमार गळ लावलेले लांब दोर सोडतात, पण होड्यांमधलं अंतर किती ठेवायचं याच्या सवयी वेगळ्या. दोर एकमेकांत अडकतात, तुटतात, नुकसान होतं. मग दोन्हीकडच्यांना बसवून अंतराचे, दिशेचे, वेळेचे नियम ठरवावे लागले. असं बसणं कंटाळवाणं असतं आणि ते वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येत नाही, पण वाद निवळतो तो तिथेच.

रशिया-जपानमधल्या कुरील बेटांवर संयुक्त उद्योगांचा बेत होता, त्याचं काय झालं?

डिसेंबर 2016 मध्ये जपानचे तेव्हाचे पंतप्रधान आबे आणि रशियाचे पुतिन यांनी संयुक्त आर्थिक उपक्रमांची घोषणा केली. मत्स्यशेती, हरितगृहातला भाजीपाला, पर्यटन, पवनऊर्जा आणि कचरा व्यवस्थापन अशी पाच क्षेत्रं निवडली. अडलं ते कायद्यावर. रशिया म्हणे आमच्या कायद्याखाली करा, आणि जपानने ते मानलं तर बेटं रशियाची असल्याचं मान्य केल्यासारखं होतं. मार्च 2022 मध्ये रशियाने, दुसऱ्या महायुद्धापासून राहिलेल्या शांतता तहाची बोलणीच थांबवली.

त्याच समुद्रात 1963 पासूनचा एक छोटा करार मात्र टिकून आहे. होक्काइदोच्या नोसाप्पू टोकापासून 3.7 किलोमीटरवर कायगारा नावाचं, रशियाच्या ताब्यातलं बेट आहे. तिथलं कोंबू, म्हणजे खाण्याचं समुद्री शेवाळ, काढायला जपानी मासेमार शुल्क भरून जातात. जपानकडून सही मत्स्यव्यवसाय संघटनेची असते. 1977 नंतर काही वर्षं खंड पडला, पण 2022 च्या तणावातही जपानी होड्या कोंबू काढायला गेल्याच.

आधी मालकी ठरवून टाकली तर बाकीचं आपोआप सुटणार नाही का?

कच्चतीवू पाहा. रामेश्वरम आणि श्रीलंकेच्या मधलं 285 एकरांचं बेट. 1974 च्या करारात भारताने ते श्रीलंकेच्या बाजूला असल्याचं मान्य केलं. भारतीय मासेमार आणि भाविक पूर्वीप्रमाणे व्हिसाशिवाय तिथे जाऊ शकतील असंही त्यात लिहिलं. 1976 च्या पत्रव्यवहारात मासेमारी मात्र आपापल्या पाण्यातच करायची असं ठरलं. मालकी ठरली, रेषा ठरली. आणि पन्नास वर्षांनी आजही तमिळनाडूचे मासेमार अटक होतात, होड्या जप्त होतात.

कारण पाल्कच्या सामुद्रधुनीतल्या माणसांचा रोजचा व्यवहार कोणी ठरवला नाही. यादवी युद्धाच्या काळात उत्तर श्रीलंकेचे तमिळ मासेमार समुद्रात जाऊ शकत नव्हते, तेव्हा तमिळनाडूच्या ट्रॉलरना तिकडच्या पाण्याची सवय लागली. 2009 मध्ये युद्ध संपलं आणि उत्तर श्रीलंकेचे मासेमार समुद्रात परतले, तर तळ खरवडणारे ट्रॉलर त्यांची जाळी तोडत होते. श्रीलंकेने 2017 मध्ये तळ खरवडणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. इथे दोन्हीकडे तमिळ बोलणारे गरीब लोक आहेत आणि दोघांचंही म्हणणं खरं आहे. लोसिनबद्दल सीमा ठरलेली नाही तरी शांतता आहे, कच्चतीवूची मालकी ठरली तरी शांतता नाही. या पानावरचं माझं म्हणणं या दोन उदाहरणांवरच उभं आहे.

आंतरराष्ट्रीय न्यायालयात का जात नाहीत?

दोघांची संमती लागते. जपानची भूमिका अशी की सोडवण्यासारखा वादच अस्तित्वात नाही, आणि चीनला सार्वभौमत्वाच्या प्रश्नात न्यायाधीश नको असतात. इंडोनेशिया-मलेशियाने सिपादान-लिगितानबद्दल 2002 मध्ये आणि सिंगापूर-मलेशियाने पेद्रा ब्रांकाबद्दल 2008 मध्ये न्यायालयाचा निकाल घेतला, पण त्यांनी राजीखुशीने तसं ठरवलं होतं.

असे करार कायम टिकतात का?

मुदत असते. जपान आणि दक्षिण कोरियाने 1974 मध्ये जेजू बेटाच्या दक्षिणेला संयुक्त विकास क्षेत्र ठरवलं. करार 1978 मध्ये लागू झाला, पन्नास वर्षांसाठी. ती मुदत जून 2028 मध्ये भरते. दरम्यान समुद्री सीमांचा कायदा मध्यरेषेकडे झुकला. त्यामुळे नव्याने वाटणी झाली तर आपल्याला जास्त मिळेल असं जपानला वाटू शकतं आणि कोरियाला त्याचीच काळजी आहे. थायलंड-मलेशियाचा 1979 चा समझोताही पन्नाशीला येतोय. ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी पुढची काही वर्षं या दोन करारांवर नजर ठेवावी.

सेनकाकूत आता सुरुवात कुठून करावी?

मी वायूला हात लावणार नाही. 1997 च्या मासेमारी कराराचा दक्षिणेचा भाग उघडून तिथे होड्यांच्या संख्येचे, हंगामाचे आणि अपघाताचे नियम घालावेत, 2013 च्या तैवान कराराच्या धर्तीवर. बोलण्यांच्या खोलीत जपानमधलं इशिगाकी, चीनमधलं फुजियान आणि तैवानमधलं यिलान इथल्या मासेमार संघटना पहिल्या दिवसापासून असाव्यात. तैवानला चीनबरोबर एका टेबलावर बसवणं आज शक्य नाही, म्हणून दोन वेगळे पण एकमेकांशी जुळणारे करार. 2021 च्या चिनी तटरक्षक कायद्यानंतर हे अवघड झालंय, कारण त्या कायद्याने परदेशी जहाजांवर बळ वापरण्याचे अधिकार वाढवले. तरी मासेमारांच्या होड्यांपुरता अपवाद मागता येतो.

आपल्याकडच्या मासेमारांना यातून काही घेण्यासारखं आहे का?

पालघर जिल्ह्यातले अनेक खलाशी गुजरातच्या बोटींवर कामाला जातात आणि कराचीच्या तुरुंगात पोचतात. कच्छमधल्या सर क्रीक या खाडीजवळची भारत-पाकिस्तान सागरी सीमा ठरलेली नाही. दर वर्षी 1 जानेवारी आणि 1 जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या आणि मासेमारांच्या याद्या एकमेकांना देतात. कैद्यांची विचारपूस करायला 2007 मध्ये निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती नेमली होती, तिचं काम 2013 पासून ठप्प आहे. चुकून पलीकडे गेलेली बोट अटक न करता माघारी पाठवायची, पकडलीच तर किती दिवसांत सोडायची आणि बोट परत द्यायची, एवढा करार क्रीकची रेषा न ठरवताही करता येईल, आणि त्यात कोणाचाही दावा सुटत नाही.